उंट, दिवा आणि चारशे झूझ: ताल्मुदमध्ये नुकसानीचा हिशेब कसा होतो

जवसाच्या वाळक्या काड्यांचे भारे लादलेला एक उंट गावच्या रस्त्याने चालला आहे. भारे दोन्ही बाजूंना इतके बाहेर आलेत की एका दुकानाच्या दारातून ते आत घुसतात, आतल्या दिव्याला टेकतात आणि पेटतात. बघता बघता अख्खी इमारत जळते. भरपाई कोणी द्यायची?

उंटवाल्याने. रस्ता सगळ्यांचा खरा, पण दुसऱ्याच्या दुकानात शिरेल एवढं ओझं लादायला त्याला कोणी सांगितलं होतं? बरं, दुकानदाराने दिवा दाराबाहेर रस्त्यावर ठेवला असेल तर? मग दुकानदाराने. आणि तो दिवा ज्यूंच्या हनुक्का सणाचा असेल, म्हणजे धर्मानेच दाराबाहेर लावायला सांगितलेला असेल, तर? रब्बी (म्हणजे ज्यू धर्मशास्त्री) यहूदा म्हणतात, मग दुकानदार सुटला. पुढे बाराव्या शतकात मैमोनिडीस या ज्यू पंडिताने कायद्याची संहिता लिहिताना मात्र ही सूट दिली नाही. दिवा लावलास ना, मग राखण करायला तिथे बसायचंस, असं त्याचं म्हणणं.

उंटाचा हा खटला मिश्नातला आहे. मिश्ना म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या कायद्यांचा संग्रह. इसवी सन २०० च्या सुमारास गॅलिली भागात रब्बी यहूदा हानासी (वरच्या रब्बी यहूदांहून वेगळे) यांनी तो हिब्रूत सिद्ध केला. त्यावर पुढची तीनेक शतकं बॅबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुरा, पुम्बेदिता अशा गावांच्या विद्यापीठांत काथ्याकूट चालला. ती चर्चा बहुतांशी अरामी भाषेत आहे, तिला गेमारा म्हणतात. मिश्ना आणि गेमारा मिळून झाला ताल्मुद. नुकसान आणि चोरी यांवरचा त्यातला मुख्य ग्रंथ म्हणजे 'बावा कम्मा', अर्थात 'पहिलं दार'. यात दहा प्रकरणं आहेत, आणि छापील प्रतीत शेवटच्या पानाचा आकडा ११९ आहे.

मराठी बोलणारे ज्यू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तरी हा ग्रंथ मराठीत फारसा ओळखीचा नाही. त्याला कारण आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्रायली, ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्या जुन्या परंपरेत ताल्मुद नव्हताच. रब्बींचं शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचलं ते बरंच उशिरा, कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यावर.

वाचायला बसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ताल्मुद हा कलमांचा कायदा नाही, तो वादाचा इतिवृत्तांत आहे. हरलेल्या पक्षाचं मतही नावानिशी जपून ठेवलेलं असतं. त्यामुळे 'ताल्मुद म्हणतो' असं कोणी म्हणालं, की 'ताल्मुदमधलं कोण म्हणतं?' असं विचारावं. त्याच बावा कम्मात रव यहूदा नावाचे गुरू म्हणतात, ज्याला सत्शील व्हायचंय त्याने नुकसानीचे नियम सांभाळावेत. प्रार्थना, उपवास वगैरे सोडून त्यांनी बैल आणि खड्ड्यांच्या कायद्याकडे बोट दाखवलं. हे मत एकट्याचं आहे. दुसरे एक गुरू त्याच ओळीत नीतिवचनांचं नाव घेतात, आणखी कोणी आशीर्वचनांचं. पण बावा कम्मा वाचताना रव यहूदांचं म्हणणं पटत जातं.

राखण कोणाची?

मिश्नाची सुरुवातच यादीने होते. नुकसानीची मूळ रूपं चार: बैल, खड्डा, 'मावे' आणि आग. यातल्या 'मावे'चा अर्थ नक्की काय यावर दोन दिग्गजांचं एकमत नाही. रव (इतरांच्या नावाआधी ही पदवी असते, पण या गुरूंचं नावच रव) म्हणतात माणूस, श्मुएल म्हणतात चरणाऱ्या जनावराचे दात. मग मिश्ना या चौघांत फरक काय ते दाखवते: बैल जिवंत आहे, आग नाही, आग पसरत जाते, खड्डा जागचा हलत नाही. एवढं झाल्यावर चौघांत समान काय ते सांगते. नुकसान करणं ही त्यांची रीत आहे, आणि त्यांची राखण तुझ्यावर आहे.

या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे. तू वाईट आहेस का, तुझा हेतू काय होता, हे प्रश्न तिथे नाहीत. वस्तू तुझी किंवा करणी तुझी, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं कामही तुझं. खड्ड्याच्या बाबतीत तर मालकीसुद्धा लागत नाही. सार्वजनिक रस्त्यात कोणी खड्डा खणला, तर ती जमीन काही त्याची नाही, खड्डाही तसा कोणाचाच नाही. तरी तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, तो त्याचाच असल्यासारखा धरते, असं रब्बी यिश्माएल यांचं वचन आहे. लाभ घ्यायला मालकी नाही, जबाबदारीपुरती मात्र आहे.

बैलाचा भाग सगळ्यांत खुलवून मांडलाय, आणि शेतीशी संबंध असलेल्या कुणालाही तो वाचताना मजा येईल. तोरातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. ताल्मुद त्याचे दोन भाग पाडतो. आजवर गरीब असलेल्या बैलाने अचानक शिंग मारलं, तर मालक अर्धं नुकसान देतो, आणि तेही त्या बैलाच्या किमतीतूनच. बैलच कवडीमोल असेल तर समोरच्याच्या हाती तेवढंच. पण तीनदा मारलं, मालकाला साक्षीदारांसमक्ष ताकीद दिली गेली, की बैल 'मारका' ठरला. तिथून पुढे पूर्ण भरपाई, मालकाच्या उत्तमातल्या उत्तम मालमत्तेतून. बैलावरचा हा शिक्का पुसायचा कसा, याचंही उत्तर आहे. रब्बी मेईर म्हणतात, पोरं त्याच्या अंगाशी खेळतात, चाचपतात आणि तरी तो मारत नाही, असं झालं की तो पुन्हा गरीब.

दात आणि पाय यांचा हिशेब वेगळा. जनावर चरणारच, चालताना काही तुडवणारच, ही त्याची जातच. म्हणून दुसऱ्याच्या शेतात पहिल्याच वेळी पूर्ण भरपाई. मात्र हेच चरणं-तुडवणं सार्वजनिक रस्त्यात झालं तर माफ, कारण तिथे जनावर फिरणारच आणि माल आवरून ठेवणं मालवाल्याकडे. फार तर जनावराने जे खाल्लं त्याचा मालकाला झालेला फायदा तेवढा द्यायचा.

मग अर्धी भरपाई हे काय प्रकरण? इथे गेमारात दोन बाजू आहेत. रव पापा म्हणतात, बैल मुळात बेभरवशाचा, त्यामुळे पूर्ण भरपाईच न्याय्य. पहिल्यांदाच घडलंय म्हणून मालकाला अर्धी सूट. रव यहोशुआंचे पुत्र रव हुना म्हणतात, उलट: साधा बैल मारत नाही, त्यामुळे खरं तर मालकाचं काहीच देणं नाही, पण त्याने पुढे राखण करावी म्हणून अर्धा दंड. रक्कम दोघांची एकच. फरक पडतो तो एका जागी. ताल्मुदचा नियम असा की दंडाची कबुली ज्याने आपण होऊन दिली, त्याला दंड लागत नाही. म्हणजे रव हुनांच्या मते, मालकाने स्वतः येऊन 'माझ्या बैलाने मारलं' असं सांगितलं तर तो सुटला. हाच नियम चोराच्या दुप्पट परतफेडीलाही लागू आहे: साक्षीदार येण्याआधी स्वतःहून कबूल झाला तर मूळ माल द्यायचा, वरचा दंड नाही. कबुलीला एवढी किंमत देणारा कायदा पोलीस ठाण्यातल्या कबुलीजबाबांच्या गोष्टी ऐकून असलेल्या आपल्याला जरा वेगळाच वाटतो.

रस्त्याचे नियमही बघण्यासारखे आहेत. कोणी रस्त्यात माठ ठेवला, दुसरा त्याला अडखळला आणि माठ फुटला. अडखळणारा काही देणं लागत नाही. उलट त्याला लागलं असेल तर माठवाल्याने भरून द्यावं. का? गेमारात एक कारण येतं: माणसं खाली बघत चालत नाहीत. आपल्या सोसायटीच्या जिन्यात मधोमध तुळशीची कुंडी ठेवून वर 'डोळे फुटले का' विचारणाऱ्यांना हे वाचून दाखवावं. धावणाऱ्या माणसाचंही आहे. इस्सी बेन यहूदा म्हणतात, रस्त्यात पळत जाणारा कोणाला धडकला तर पळणारा जबाबदार, कारण पळणं ही रस्त्यातली रीत नाही. शुक्रवारी तिन्हीसांजेला मात्र माफ. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत घर गाठायचंय, तेव्हा सगळेच पळतात.

आणि ती गोष्ट. एक माणूस आपल्या शेतातले दगड वेचून सार्वजनिक रस्त्यावर टाकत होता. एका सत्शील माणसाने त्याला विचारलं, 'अरे मूर्खा, जे तुझं नाही तिथले दगड जे तुझं आहे तिथे का टाकतोस?' शेतकरी हसला. पुढे दिवस फिरले, शेत विकावं लागलं, त्याच रस्त्याने जाताना तो स्वतः त्याच दगडांना ठेचकाळला, तेव्हा त्याला ते वाक्य कळलं. शेत आज आहे उद्या नाही. रस्ता मात्र कायम त्याचाही होता. याच्या उलट वागणाऱ्यांचीही नोंद आहे. पूर्वीचे सत्शील लोक काटे आणि काचा स्वतःच्याच शेतात तीन मुठी खोल पुरत, नांगराच्या फाळाला लागू नयेत इतक्या खोल. रव शेशेत ते जाळून टाकत. रावा तैग्रिस नदीत सोडत, म्हणजे काटे गेले. नदीचं काय, असा प्रश्न आज आपण विचारू, तेव्हा कोणी विचारला नव्हता.

माणसाला लागलं तर

'डोळ्याबद्दल डोळा' हे तोराचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. ताल्मुद ते अक्षरशः घेत नाही, हे कमी जणांना माहीत असतं. आठव्या प्रकरणात पानंच्या पानं या एकाच मुद्द्यावर खर्ची पडली आहेत. आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचं काय फोडणार? एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, तर बरोबरी कशी? यातला प्रत्येक युक्तिवाद गेमारा पुढच्याच ओळीत खोडून काढते, आणि नव्याने दुसरा शोधते. शेवटी निर्णय पक्का राहतो: भरपाई पैशांतच. त्यांना निष्कर्ष आधी ठाऊक होता आणि पुरावा ते नंतर शोधत होते, असं माझं मत. त्यात मला काही वावगंही वाटत नाही.

मिश्ना जखमेची भरपाई पाच भागांत मोजते: अवयवाचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेलं काम आणि अपमान. दोन हजार वर्षांपूर्वी वेदनेला आणि अपमानाला स्वतंत्र खातं होतं, हे थांबून बघण्यासारखं आहे. मोजायची पद्धत मात्र अंगावर येते. अवयवाची किंमत ठरवायला विचारायचं, हा माणूस गुलामांच्या बाजारात आधी कितीला गेला असता आणि आता कितीला जाईल. बुडालेल्या कामाचं मोजमाप असं: हात गेलेला माणूस काकडीच्या मळ्याची राखण करू शकतो, म्हणून बरा होईपर्यंत राखणदाराची मजुरी. तर्क असा की हाताची किंमत आधीच्या खात्यात दिली गेली आहे, पुन्हा दोन हातांची मजुरी दिली तर दुप्पट होईल. हिशेब बरोबर आहे, तरी कसबी कारागिराला राखणदार म्हणून मोजलं की खटकतंच.

अपमानासाठी ठरलेले दरही दिलेत. थोबाडीत मारली तर २०० झूझ. उलट्या हाताने मारली तर ४००, कारण त्यात लागतं कमी आणि अपमान जास्त. कान ओढला, केस उपटले, थुंकला आणि थुंकी अंगावर पडली, अंगावरचं वस्त्र ओढून काढलं, बाईचं डोकं भर बाजारात उघडं केलं, तर ४००. झूझ हे चांदीचं नाणं. ज्याच्या गाठीला २०० झूझ आहेत त्याने गरिबांसाठी शेतात सोडलेल्या धान्याला हात लावू नये, असं मिश्नातच दुसरीकडे आहे. म्हणजे ४०० झूझ ही गरिबीच्या रेषेच्या दुप्पट रक्कम झाली. हे दर सांगून झाल्यावर मिश्ना म्हणते, हे सगळं माणसाच्या प्रतिष्ठेनुसार. त्यावर रब्बी अकिवा उठतात: इस्राएलमधला अगदी गरिबातला गरीबही, मालमत्ता गमावलेला कुलीन माणूसच समजावा, कारण ती सगळी अब्राहाम, इसहाक आणि याकोबाची लेकरं.

लगेच त्याचा दाखला. एका माणसाने बाजारात एका बाईच्या डोक्यावरचं वस्त्र ओढलं. ती रब्बी अकिवांकडे आली, त्यांनी त्याला ४०० झूझ ठोठावले. त्याने मुदत मागितली, ती मिळाली. मग तो तिच्या अंगणाच्या दाराशी पाळत ठेवून बसला. ती दारात उभी दिसल्यावर त्याने तिच्यासमोर एक तेलाचा मडका फोडला. आत एका इस्सारचं तेल होतं. चोवीस इस्सारांचा एक झूझ, तेव्हा दंडाच्या ९,६०० व्या हिश्श्याचं तेल. बाईने डोक्यावरचं वस्त्र बाजूला केलं आणि सांडलेलं तेल तळहाताने टिपून टिपून केसांना लावू लागली. त्याने आधीच साक्षीदार उभे केले होते. तो अकिवांकडे आला: 'हिला मी ४०० झूझ द्यायचे?' दोन पैशांच्या तेलासाठी जी स्वतः डोकं उघडं करते, तिची अब्रू ती काय, हा त्याचा मुद्दा. अकिवा म्हणाले, तुझ्या म्हणण्यात काहीच अर्थ नाही. माणूस स्वतःला इजा करून घेतो, तसं करायला त्याला परवानगी नाही, पण त्याबद्दल त्याला दंड नाही. दुसऱ्याने त्याला केली, तर दंड आहे.

मला हा ताल्मुदमधला सर्वांत जबरदस्त प्रसंग वाटतो. गरिबी माणसाला तेल टिपायला लावते. त्या वाकण्याकडे बोट दाखवून 'हिला कसला मान' म्हणणारा वकील आजही कोर्टात उभा असतो, विशेषतः तक्रारदार बाई असली की. अकिवा तिचं समर्थन करत बसत नाहीत. ती तिच्या अंगणात काय करते हा पुरावाच होत नाही, एवढंच सांगतात.

पैसे दिले की प्रकरण मिटलं का? नाही. पुढची मिश्ना म्हणते, पाचही खात्यांचे पैसे दिले तरी ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन क्षमा मागेपर्यंत माफी नाही. आणि समोरच्यालाही सुनावते: मागितल्यावर अडून बसू नकोस, ते क्रौर्य आहे.

चोर मोठा की दरोडेखोर?

आपल्या कायद्यात लुटीला चोरीपेक्षा जास्त शिक्षा, कारण लुटीत धाक आणि मारहाण असते. ताल्मुदमध्ये उलट. लपून चोरणारा सापडला तर दुप्पट देतो; उघड हिसकावून नेणारा फक्त मूळ माल परत करतो. शिष्यांनी रब्बान योहानान बेन झक्काईंना विचारलं, असं का? ते म्हणाले, लुटारू देवाला भीत नाही तसा माणसालाही भीत नाही, दोघांना एका मापाने मोजतो. चोर माणसांच्या नजरेला भितो, देवाला मात्र नजरच नाही असं समजतो. न्यायाधीश म्हणून मला हे पटलं नसतं. लुटल्या गेलेल्याच्या छातीत धडकी भरते तिचा हिशेब यात कुठेच नाही. पण चोराच्या मनाचं निदान अचूक आहे: त्याची भीती फक्त पकडलं जाण्याची आहे.

तोरात आणखी एक चमत्कारिक आकडा आहे. चोरलेला बैल कापला किंवा विकला तर पाचपट, मेंढी असेल तर चौपट. रब्बी मेईर म्हणतात, बैल कामाचा, मालकाचं काम बुडालं, म्हणून एक पट जास्त. यावरून श्रमाची थोरवी बघा. योहानान बेन झक्काई म्हणतात, बैल आपल्या पायांनी चालत गेला, मेंढी मात्र चोराला खांद्यावर घालून न्यावी लागली. त्याची तेवढी शोभा झाली, म्हणून एक पट कमी. यावरून माणसाच्या मानाची थोरवी बघा. चोराच्याही.

चोरीचा माल विकत घेणाऱ्यांवर दहावं प्रकरण खर्च झालंय. अरामीत म्हण आहे: चोर उंदीर नव्हे, चोर बीळ. त्यावर उलट सवालही आहे, उंदीरच नसता तर बिळात माल आला कुठून? मिश्ना मात्र बिळं बुजवायला बसते. गुराख्याकडून लोकर, दूध, करडं घेऊ नका. बागेच्या राखणदाराकडून लाकूड आणि फळं घेऊ नका, कारण माल बहुधा मालकाचा. अंडी आणि कोंबड्या कुठूनही घ्या. पण विकणारा 'लपवून न्या' म्हणाला की काहीही घेऊ नका. मग कारागीर. धोब्याने कपडा धुताना जे तंतू निघतात ते त्याचे. पिंजाऱ्याने पिंजताना निघतात ते मालकाचे. शिंप्याकडे सुईत ओवून शिवता येईल इतका दोरा उरला, किंवा तीन बोटं लांब-रुंद कापडाचा तुकडा, तर तो गिऱ्हाइकाचा. सुताराच्या वाकसाने निघालेला ढलपा सुताराचा, कुऱ्हाडीने निघालेला मालकाचा. आणि मालकाच्या घरी बसून काम केलं असेल, तर भुसासुद्धा मालकाचा. ब्लाउज पीसमधलं उरलेलं कापड शिंप्याने ठेवावं की द्यावं, यावर ज्यांच्या घरी वाद झालेत त्यांना इथे तीन बोटांचा निकाल तयार मिळेल.

परत करणाऱ्याची वाट

चोरीचं तुळवट घरात बसवून टाकलं असेल तर? शम्माई या जुन्या गुरूंच्या पंथाचं म्हणणं, अख्खं घर पाडा आणि तुळवट परत द्या. त्यांचे प्रतिस्पर्धी हिल्लेल यांच्या पंथाने ते मोडीत काढलं: किंमत द्या, पुरे. कारण दिलं ते 'परत फिरणाऱ्यांची सोय' असं. घर पाडावं लागणार असेल तर कोण कबूल होईल?

यहूदा हानासींच्या काळातली एक हकीकत याच्याही पुढे जाते. एका चोराला उपरती झाली. बायको म्हणाली, 'अरे वेड्या, तू सगळं परत करायला निघालास तर कमरेचा पट्टासुद्धा तुझा उरणार नाही.' त्याने बेत सोडला. त्यावर विद्वानांनी ठरवलं, लुटारू आणि सावकार पश्चात्ताप होऊन परत करायला आले तर त्यांच्याकडून घेऊ नका. जो घेईल त्याच्यावर विद्वान प्रसन्न नाहीत. ज्याचं गेलं त्याने पाणी सोडायचं, कारण चोराने परत फिरावं. हे फार झालं, असं मला वाटतं. नंतरच्या टीकाकारांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी याला बऱ्याच मर्यादा घातल्या. उलट टोकही त्याच ग्रंथात आहे: एका पेरुताचा, म्हणजे सर्वांत हलक्या नाण्याच्या किमतीचा माल लुटून वर खोटी शपथ घेतली, तर तो परत करायला मालकाच्या मागे मेदियापर्यंत, म्हणजे आजच्या वायव्य इराणपर्यंत जावं लागेल. जाण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो म्हटल्यावर पुढे सोय केली: पैसे न्यायालयात भरा.

मग ज्यांनी इतक्या जणांना लुबाडलं की नावंच आठवत नाहीत, त्यांचं काय? दुसऱ्यांच्या शेतांत चारणारे गुराखी, वसुली करणारे कारकून. ज्यांची नावं आठवतात त्यांना परत द्या. उरलेल्यातून विहिरी, चर, पाण्याची टाकी असं सार्वजनिक काम करा, म्हणजे लुबाडलेल्यांतला कोणी ना कोणी ते पाणी पिईल. देणगीच्या फलकावर नाव कोरून घेण्याची तरतूद तिथे नाही.

कोर्टाचा हात पोचत नाही तिथे

माणसांच्या कोर्टात सुटका, पण आकाशातल्या कोर्टात दोषी, असं एक खातं ताल्मुदमध्ये आहे. उदाहरणं चार दिलीत. शेजाऱ्याच्या जनावरापुढचं कुंपण मोडून ठेवणं. शेजाऱ्याचं उभं पीक आगीच्या दिशेने वाकवणं. खोटे साक्षीदार भाड्याने घेणं. आणि खरी साक्ष माहीत असून गप्प बसणं. चारही ठिकाणी हात दुसऱ्याचा आहे आणि करणी तुमची. चौथं तर आपल्याकडे 'कशाला नसत्या भानगडीत पडा' या नावाने शहाणपणात जमा होतं.

कायद्याच्या पलीकडचं एक प्रकरण शेजारच्या 'बावा मेत्सिया' ग्रंथात आहे. रब्बा नावाच्या विद्वानाकडे हमालांनी दारूचं पिंप फोडलं. त्याने भरपाई म्हणून त्यांची वस्त्रं ठेवून घेतली. ते रवकडे गेले. रव म्हणाले, वस्त्रं परत दे. 'हा कायदा आहे?' 'हो.' आणि त्यांनी नीतिसूत्रांतलं वचन ऐकवलं, सज्जनांच्या वाटेने चाल. हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, भुकेले आहोत, हातात काही नाही. रव म्हणाले, मजुरी दे. 'हाही कायदा?' 'हो, नीतिमानांचे मार्ग धर.' कायद्याने रब्बाचंच बरोबर होतं.

आता न आवडणारा भाग, कारण तो वगळून हा ग्रंथ कुणासमोर ठेवू नये. मिश्नात म्हटलंय की ज्यूच्या बैलाने परक्याच्या बैलाला मारलं तर भरपाई नाही. परक्याच्या बैलाने ज्यूच्या बैलाला मारलं तर पहिल्याच वेळी पूर्ण. हा उघड पक्षपात आहे. रोमन सरकारने दोन अधिकारी तोरा शिकायला पाठवले होते. त्यांनी सगळं वाचलं आणि जाताना म्हणाले, तुमचं सगळं खरं आहे, ही एक गोष्ट सोडून. हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही, ताल्मुदनेच आपल्या पानावर नोंदवून ठेवलंय. १३व्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या मेईरी या भाष्यकाराने अर्थ लावला की हा भेद फक्त कायदाच न पाळणाऱ्या लोकांपुरता होता. जे समाज कायद्याने चालतात त्यांना तो लागू नाही.

वाचायचं असेल तर सगळा बावा कम्मा इंग्रजी भाषांतरासह 'सेफारिया' या संकेतस्थळावर फुकट आहे. १९२३ साली रब्बी मेईर शापिरो यांनी सुरू केलेल्या 'दाफ योमी' या परिपाठात जगभरचे लोक रोज एक पान वाचतात आणि २,७११ पानं साधारण साडेसात वर्षांत संपवतात. तेवढी घाई करायचं कारण नाही. पहिल्या प्रकरणात तांत्रिक कीस फार आहे, तिथे बरेच जण अडकतात. आठव्यापासून सुरू करावं, मग नववं आणि दहावं, आणि बैलांची गोडी लागली तर मागे यावं.